नखाला बुरशी: धानपट्ट्यातल्या औषधाच्या दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपली की काउंटरवर चपलेतून अंगठा पुढे करून "भाऊ, नखाले मलम द्या जी" म्हणणाऱ्यांची रीघ लागते. मागे लोक उभे असतात, त्यामुळे तिथे धड बोलणं होत नाही. म्हणून ही उत्तरं सवडीने लिहिली आहेत.

नखाला बुरशी लागली हे ओळखायचं कसं?

बहुतेक वेळा सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून होते, तीही नखाच्या टोकाकडून किंवा कडेने. आधी पिवळसर-पांढरा डाग दिसतो. मग नख जाड होतं आणि खालच्या मांसापासून सुटायला लागतं. खालून भुसा निघतो, अगदी उंदराने पोतं कुरतडल्यावर पडतो तसा. नेलकटर लावला की नख कापलं न जाता ठिसूळ तुकड्यांनी तुटतं. दुखत नाही, म्हणून माणूस दोन-तीन वर्षं तसंच चालवतो आणि बूट टोचायला लागला की दुकानात येतो.

पिवळं आणि जाड नख म्हणजे बुरशीच ना?

नाही. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी सापडते, असं त्वचारोगाची पुस्तकं सांगतात. बाकीच्यांची कारणं वेगळी असतात. सोरायसिस या कातडीच्या आजारात नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. रक्त कमी असलं की नख चमच्यासारखं खोलगट होतं. हिरवट-काळं झालेलं नख बहुधा जिवाणूंमुळे असतं, बुरशीमुळे नाही. आणि घट्ट बुटात नख रोज आपटत राहिलं तर तेही पिवळं आणि जाड होतं. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांचे अंगठे बघा.

हे मी स्वतःवरून सांगतो आहे. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख असंच झालं होतं. दुकान माझंच, कपाट माझंच. कुणालाही न दाखवता तीन महिने बुरशीच्या गोळ्या खाल्ल्या. नख जसंच्या तसं. पुढे तपासणी केली तर बुरशीचा पत्ता नाही. डॉक्टरांनी नखाआधी माझे बूट पाहिले. एक नंबर लहान होते. दुसऱ्याला "आधी तपासा" सांगणारा माणूस स्वतः मात्र तपासत नाही, हे त्या दिवशी कळलं.

दोन गोष्टींत मात्र उशीर करू नका. नखात उभी काळी रेघ आली, ती रुंद होत चालली किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तो क्वचित का होईना, कॅन्सर असू शकतो. मार लागून काळं झालेलं नख निराळं असतं, तो डाग नखाबरोबर पुढे सरकत जातो. दुसरी गोष्ट, नखं बिघडली आहेत आणि पाय बधिरही वाटतो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, किंवा अंगावर न खाजणारा, स्पर्श न कळणारा फिकट चट्टा आहे, तर आशाताईंना सांगून कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार अजून आहे. त्याचं औषध सरकारकडून फुकट मिळतं आणि त्याने आजार बरा होतो.

तपासणी कशी करतात? सुई टोचतात का?

सुई नाही, दुखतही नाही. नखाचा जमेल तितका आतला तुकडा कापतात आणि खालचा भुसा खरवडून काचपट्टीवर घेतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्यात नख विरघळतं, बुरशी विरघळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी फांद्या फुटलेल्या बारीक दोऱ्यांसारखी दिसते. गरज पडली तर कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून बघतात, त्याला तीन-चार आठवडे लागतात.

नेलपॉलिश आणि मेंदी लावून तपासणीला जाऊ नका. आधीपासून बुरशीचं औषध लावत किंवा खात असाल तर तेही सांगा, कारण त्यामुळे बुरशी असूनही सापडत नाही. एकदा 'नाही' आलं आणि डॉक्टरांचा संशय कायम असला, तर ते पुन्हा नमुना मागतात. ते पैसे उकळत आहेत असं समजू नका.

आमच्याकडेच हे एवढं का?

पाणी आणि चिखल. ज्या बायका महिनाभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकून पऱ्हे (धानाची रोपं) रोवतात, त्यांच्या पायाची बोटं दिवसातले सात-आठ तास भिजलेली असतात. वर उन्हाळी धान घेतला की तेच पुन्हा. मामा (माजी मालगुजारी) तलावात जाळं टाकणाऱ्या ढिवरांचं आणि शिंगाडे काढणाऱ्यांचंही तेच. बोटांच्या बेचक्यांतलं कातडं पांढरं पडून सोलतं, चिखल्या होतात. चिखल्यांकडे कुणी आजार म्हणून बघत नाही. "पावसाळ्यात होतेच" म्हणून विषय संपतो. पण त्या भिजलेल्या कातडीत बुरशी बसली की तिथून ती नखात शिरते आणि नखात शिरली की पावसाळा संपला तरी निघत नाही.

नखाचा आजार टाळायचा तर चिखल्यांवर तेव्हाच औषध करायला हवं. घरी आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवा, बेचक्यांतलं पाणी सुती कापडाने टिपा. तज्ज्ञाने सांगितलेलं बुरशीचं साधं मलम ठरलेले दिवस लावा. हे काम दोन-चार आठवड्यांचं. तेच नखात गेलं की वर्ष-दीड वर्षाचं.

जोडवी घालणाऱ्यांसाठी एक आगाऊ सल्ला. जोडव्याखाली ओल राहते. रोवणीच्या दिवसांत रात्री जोडवं जरा सरकवून खालचं बोट पुसून कोरडं करा. काढून ठेवा असं मी म्हणत नाही, सासूबाई माझ्या दुकानावर येतील.

मेडिकलमधून ट्यूब आणली होती. खाज गेली, मग जास्तच वाढलं. असं कसं?

त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड होतं. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र घातलेली मलमं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली आहेत. स्टेरॉइड लालसरपणा आणि खाज दाबतं, म्हणून दोन दिवसांत 'गुण' येतो. पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आत पसरत जाते. मांड्यांवरचा गजकर्ण हातभर होतो, कातडं पातळ पडतं, पांढऱ्या रेघा उठतात. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचखाली आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ती काउंटरवरून कशी सरकतात हे मला विचारू नका. एके काळी मीही सरकवली आहेत.

आणि नखाच्या बाबतीत तर साधं मलमसुद्धा फारसं कामाचं नाही. नख म्हणजे कवच आहे. वरून चोळलेलं मलम खाली बुरशीपर्यंत पोचतच नाही.

मग औषध कोणतं? आणि एवढे महिने का लागतात?

लग्नातली मेंदी आठवा. मे महिन्यात हाताच्या नखांवर चढलेला रंग धुऊन जात नाही. पोळ्यापर्यंत मुळाकडून कोऱ्या नखाची चंद्रकोर वर आलेली असते आणि दिवाळीच्या सुमाराला रंग टोकाशी येऊन कापून जातो. बिघडलेलं नख असंच बरं होतं. जिथे पिवळं झालं तिथे ते पुन्हा पांढरं होत नाही. खालून नवं निरोगी नख येतं आणि जुनं पुढे सरकत कापलं जातं.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणून सहा महिन्यांत काम होतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम एक-दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने. वय झालेल्यांना त्याहूनही जास्त.

आजार टोकाशी थोडाच असेल, एक-दोन नखांतच असेल आणि मूळ शाबूत असेल, तर नखावर लावायचं लॅकर देतात, नेलपॉलिशसारखं. अमोरोल्फिन ५ टक्के आठवड्यातून एक-दोनदा लावायचं, सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज. आधी नख कानशीने घासून पातळ करायचं, ती कानशी चांगल्या नखांना लावायची नाही. असं नऊ-दहा महिने, कधी वर्षभर. कंटाळवाणं काम आहे. बरेचजण दुसऱ्या बाटलीवरच थांबतात.

आजार मुळापर्यंत गेला असेल किंवा बरीच नखं धरली असतील, तर पोटातून औषध लागतं. बहुतेकदा टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक गोळी, हाताच्या नखांसाठी ६ आठवडे आणि पायाच्या नखांसाठी १२ आठवडे. दुसरं औषध इट्राकोनॅझोल. ते महिन्यातला एक आठवडा खायचं, तीन आठवडे थांबायचं आणि पुन्हा, अशा पद्धतीनेही देतात. डोस मी लिहिला तो तुम्हाला चिठ्ठी वाचता यावी म्हणून. चिठ्ठी डॉक्टरांचीच हवी.

या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं म्हणतात. खरं आहे का?

क्वचित होतं. म्हणून सुरू करण्याआधी रक्ताची लिव्हर तपासणी करतात, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा पुन्हा. आधी कावीळ झाली असेल तर ते न लपवता सांगा. मोहफुलाची किंवा कुठलीही दारू घेत असाल तर तेही सांगा. इथे गडी डॉक्टरांसमोर "घेत नाही जी" म्हणतो आणि बायको शेजारी बसून छताकडे बघते. गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली, मळमळ थांबेना, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा. टर्बिनाफिनने काहींच्या तोंडाची चव जाते, तीही सांगायची गोष्ट आहे.

इट्राकोनॅझोल हृदय कमकुवत असलेल्यांना चालत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत घेतली तर त्याची कॅप्सूल नीट शोषली जात नाही. टर्बिनाफिनचं डिप्रेशनच्या आणि बीपीच्या काही औषधांशी वाकडं आहे. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. "ती लाल गोळी" एवढ्यावर कुणाला काही कळत नाही.

गरोदर बायांनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी नखासाठी पोटातून औषध घेऊ नये. नख थांबू शकतं.

गजकर्णावर पूर्वी महिनाभरात गुण यायचा, आता गोळ्या खाऊनही जात नाही. नखाचंही तसंच होणार का?

प्रश्न रास्त आहे. भारतात गेल्या काही वर्षांत त्वचेच्या बुरशीचा एक हट्टी प्रकार पसरला आहे. २०२० साली त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नावही मिळालं. त्याच्यावर टर्बिनाफिन बऱ्याचदा चालत नाही. हा मुख्यतः मांड्या, कंबर आणि पाठीवरच्या गजकर्णाचा आजार आहे. नखात बहुधा जुनी ओळखीचीच बुरशी असते, ट्रायकोफायटॉन रुब्रम. पण अंगावर गजकर्ण आणि पायाला बिघडलेलं नख दोन्ही असेल, तर दोन्ही एकाच वेळी दाखवा. अंगावरचं बरं झालं आणि नखात उरलं तर तिथून ते परत येतं. अर्धवट कोर्स तर मुळीच करू नका.

धानावर करप्यासाठी बुरशीनाशक मारतो. तेच नखाला लावलं तर?

हसू नका, हा प्रश्न वर्षातून चार-पाचदा तरी येतो, आणि विचारणारा माणूस बहुधा हुशार असतो. त्याचा तर्क अगदीच चुकीचा नाही. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही शेतातली औषधं आणि इट्राकोनॅझोल हे माणसाचं औषध एकाच अ‍ॅझोल घराण्यातली आहेत. बुरशीच्या पेशीच्या आवरणावर ती एकाच ठिकाणी घाव घालतात. पण शेतातल्या डब्यात औषधाबरोबर जे द्रावक आणि चिकटवणारी रसायनं असतात, ती माणसाच्या कातडीसाठी नाहीत. फवारणीच्या विषबाधेने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरून चालणार नाही. डबा शेतातच राहू द्या.

बिब्बा, रॉकेल, लिंबू, चुना?

बिब्बा नकोच. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. एका बाईंनी आजीच्या सांगण्यावरून अंगठ्याला बिब्बा लावला होता. त्या आल्या तेव्हा नख बाजूलाच राहिलं, बोटावर लिंबाएवढा फोड आणि पाऊल सुजलेलं. रॉकेल आणि चुनाही तसेच, जळण्यापलीकडे काही होत नाही. हळद किंवा कडुलिंबाचा पाला बांधून सहसा अपाय नाही, पण नखाच्या खालची बुरशी त्याने जाईल असं मला वाटत नाही. मेंदीने फक्त नख झाकलं जातं.

नखच उपटून टाकलं तर कायमचं मिटेल ना?

मुळात बुरशी असेल तर नवं नखही तसंच येतं. फार जाड नख असलं तर डॉक्टर ४० टक्के युरियाचं मलम लावून ते मऊ करून काढतात, सोबत औषध चालूच असतं. न्हाव्याच्या नराणीने खोलवर कोरून घेणं बंद करा. जखम होते आणि तीच नराणी पुढच्या गिऱ्हाइकाच्या पायाला लागते.

शुगर आहे. नखाकडे दुर्लक्ष केलं तर चालेल का?

इतरांचं चालू शकतं, तुमचं नाही. शुगरमुळे पायाची जाणीव कमी झालेली असते. जाड नख शेजारच्या बोटात रुततं, जखम होते आणि ती दिसेपर्यंत पू झालेला असतो. नख स्वतः ब्लेडने कापू नका. रोज रात्री पाय बघा. खाली वाकवत नसेल तर नातवाला बघायला सांगा, पोरांची नजर बारीक असते.

हत्तीपाय असलेल्यांचंही तेच. बोटांच्या बेचक्यांत भेगा आणि बुरशी असली की तिथून जिवाणू शिरतात आणि पाय लाल होऊन थंडी-ताप येतो. रोज पाय धुऊन कोरडे ठेवले आणि बेचक्या सांभाळल्या, तर ताप येण्याच्या वेळा कमी होतात. आणि मोहिमेत वाटतात त्या हत्तीरोगाच्या गोळ्यांनी नखाची बुरशी जात नाही. त्या गोळ्या जंतावर आहेत. पण त्या घ्या जरूर.

हाताच्या नखांभोवती सूज येते, दाबलं की पू येतो. हीपण बुरशीच का?

धुणी-भांडी करणाऱ्या आणि हॉटेलात काम करणाऱ्या बायकांना हे जास्त होतं. सतत पाणी आणि साबण यामुळे नखाच्या मुळाशी असलेली कातडीची पातळ झालर निघून जाते आणि तिथे फट पडते. त्यात कॅन्डिडा ही बुरशी वस्तीला येते, पण मूळ दोष ओलीचा. हात कोरडे राहिले नाहीत तर कुठलंही औषध टिकत नाही. आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे वापरा. एकाएकी ठणका लागला आणि बोट लाल झालं, तर ते नखुरडं. त्यासाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा.

घरातल्यांना लागतं का? पोरीचं लग्न व्हायचं आहे.

लागू शकतं. नेलकटर, चपला, मोजे, न्हाणीतली ओली फरशी यातून पसरतं. खराब नखासाठी नेलकटर वेगळा ठेवा. मोजे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. हा आजार रक्तातून किंवा जेवणातून जात नाही. स्थळ बघायला आलेल्यांनी पायाकडे बघून नाक मुरडलं, असं एका मुलीच्या आईने मला सांगितलं होतं. तिला मी एवढंच म्हणालो की मुलगी दीड वर्षात बरी होईल, त्यांच्या स्वभावाचं मात्र औषध माझ्याकडे नाही.

लहान पोरांना होतं का?

क्वचित. पोरांची नखं भराभर वाढतात. मुलाचं नख बिघडलं असेल तर घरातल्या मोठ्यांचे पायही तपासा.

गमबूट घातले की पाय घामेजतात. सोडून द्यायचे का?

नाही. साप, काटे आणि फवारणी यापुढे नखाची बुरशी किरकोळ आहे. आत सुती मोजे घाला, दुपारच्या भाकरीला बूट काढून पाय वाऱ्याला द्या. घरी आल्यावर बूट उलटे करून उन्हात ठेवा. दोन जोड जमले तर फारच बरं. उपचार सुरू करताना जुन्या कुबट बुटांत बुरशीची पावडर टाका, नाहीतर बरं झालेलं नख पुन्हा त्याच बुटात जातं.

दाखवायचं कुठे?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. त्वचारोग विभाग गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत, तसंच सेवाग्रामला आहे. बाहेरून औषध घ्यावं लागलं तर जनऔषधी केंद्रात तीच गोळी स्वस्त पडते. मी दुकानदार असून हे सांगतो आहे.

बारा आठवडे गोळ्या खाल्ल्या, नख अजून पिवळंच आहे. पुन्हा कोर्स घेऊ का?

लगेच नको. गोळ्या संपल्यावरही औषध नखात काही महिने काम करत राहतं. पहिल्याच दिवशी एक करा: चांगलं नख आणि पिवळं नख जिथे मिळतात, तिथे कानशीने नखावर आडवी बारीक खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. दर महिन्याला एक फोटो. खूण पुढे सरकते आहे आणि तिच्या मागचं नख स्वच्छ आहे, तर औषध लागू पडलं, वाट बघा. पिवळेपणा खुणेच्या मागे मुळाकडे गेला, तर पुन्हा डॉक्टरांकडे. पूर्ण कोर्स करूनही प्रत्येकाचं नख बरं होतंच असं नाही, आणि बरं झालेलं पुन्हा उलटणंही नेहमीचं आहे.

पलीकडच्या गावातल्या एक काकू दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, खूण करून गेल्या होत्या. पुढच्या मंडईला त्या आल्या, चप्पल काढून पाय थेट काउंटरच्या पायरीवर ठेवला. खूण टोकापासून तांदळाच्या दाण्याएवढी मागे होती. "कापू का आता?" म्हणाल्या. म्हटलं, अजून दोन महिने थांबा.